वेल्डरचे शिक्षण कोणाच्या हाती?

(कामगार अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

औद्योगिक वसाहतीत कोणत्याही दिवशी फेरी मारली तर कारखान्यांच्या दारांवर ‘कुशल वेल्डर पाहिजेत’ अशा पाट्या दिसतात. त्याच वसाहतीच्या नाक्यावर आय.टी.आय.चे प्रमाणपत्र मिळविलेला तरुण कंत्राटदाराची वाट पाहत हेल्परच्या रोजावर जायला तयार होऊन उभा असतो. मालकांच्या संघटना म्हणतात, देशात कुशल हातांचा तुटवडा आहे. तरुण म्हणतो, शिकूनही काम मिळत नाही आणि मिळाले तर कुशल कामगाराचा पगार मिळत नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी ठरतात, याचा उलगडा झाल्याखेरीज धंदेशिक्षणाच्या प्रश्नावर कामगारवर्गाला स्वतःची भूमिका घेता येणार नाही, आणि सरकार व मालक जी भूमिका पुढे करतील तिच्या मागे फरफटत जावे लागेल.

या प्रश्नाच्या चर्चेसाठी वेल्डरचा व्यवसाय हे चांगले उदाहरण आहे. पूल, बॉयलर, रेल्वेचा डबा, जहाज, तेलवाहिनी, साखर कारखान्याची टाकी, यांपैकी एकही वस्तू त्याच्यावाचून उभी राहत नाही. भिलाई, सुरत, हैदराबाद, बेळगाव, पिंपरी, माझगाव, जेथे जेथे मराठी कामगार कामाला गेला आहे, तेथे तेथे हा व्यवसाय आहे. आठवी उत्तीर्ण मुलगा या अभ्यासक्रमास पात्र ठरतो. म्हणून शेतमजुराच्या आणि गिरणी कामगाराच्या घरातून कारखान्यात शिरण्याचे हे एक प्रमुख दार आहे. या दाराची किल्ली कोणाच्या हाती असावी, हाच आजच्या चर्चेचा विषय होय.

सांध्यामागील विद्या

आय.टी.आय.मध्ये या व्यवसायाचे मराठी नाव ‘संधाता’ असे आहे. सांधणारा तो संधाता. कारखान्यात मात्र त्याला वेल्डरच म्हणतात. रॉड धरला आणि ठिणगी पाडली की सांधा झाला, अशी बाहेरच्यांची समजूत असते. ती साफ चुकीची आहे.

पोलाद सुमारे १,५०० अंश सेल्सिअसला वितळते. ऑक्सिजन व ॲसिटिलीन यांची ज्वाला ३,००० अंशांच्या वर जाते आणि विजेच्या आर्कचे तापमान ६,००० अंशांच्या घरात असते. एवढी उष्णता काही मिलिमीटरच्या जागेत आणून वितळलेल्या धातूचे लहानसे डबके सांभाळत पुढे न्यावयाचे असते. हात जलद गेला तर धातू मुळापर्यंत पोहोचत नाही. रेंगाळला तर पत्रा जळून भोक पडते. रॉड आणि प्लेट यांतील अंतर वाढले की हवा आत शिरून सांध्यात छिद्रे राहतात. एका पासावरची मळी नीट साफ केली नाही तर पुढच्या पासाखाली ती गाडली जाते. ओलावा लागलेला कमी-हायड्रोजनचा रॉड भट्टीत न तापविता वापरला तर जाड पोलादात हायड्रोजन शिरतो आणि काम संपून कित्येक तास उलटल्यावर, सर्व काही ठीक आहे असे वाटत असताना, सांध्याला तडा जातो. वरून गुळगुळीत दिसणारा सांधा आतून पोकळ असू शकतो. ते क्ष-किरणांच्या चित्रातच कळते, अथवा बॉयलर फुटल्यावर कळते.

म्हणूनच वेल्डरची परीक्षा पायरीपायरीने घेतात. प्रथम आडव्या ठेवलेल्या प्लेटवर, मग उभ्या प्लेटवर, मग डोक्यावर धरलेल्या प्लेटवर आणि शेवटी ४५ अंशांत तिरप्या पक्क्या बसविलेल्या नळीभोवती सर्व बाजूंनी. या शेवटच्या परीक्षेला कारखान्यात ‘सिक्स-जी’ म्हणतात. बॉयलरच्या दाबाखालील भागांचे काम तर वेगळी परीक्षा देऊन अधिकृत प्रमाणपत्र मिळविलेल्या वेल्डरनेच करावयाचे असते. १९२३च्या बॉयलर कायद्याची जागा आता २०२५च्या कायद्याने घेतली आहे. पण प्रमाणित वेल्डरची अट ही कोणा मालकाची मेहेरबानी नव्हे. फुटलेल्या बॉयलरांखाली जे गेले त्यांच्या जिवाच्या मोलाने ती आलेली आहे.

या सर्व तपशिलातून एक गोष्ट स्पष्ट होते. वेल्डरचा हात बसण्यासाठी रॉड जाळावे लागतात. प्लेट कापावी लागते, गॅस खर्च करावा लागतो, वीज लागते. आणि शेजारी उभा राहून “अंतर जास्त झाले, कोन बदल” असे त्याच क्षणी सांगणारा निदेशक लागतो. हा खर्च टाळून वेल्डर तयार होत नाही. पडद्यावर आर्कचे चित्र दाखवणारी सराव-यंत्रे आता आली आहेत. हाताला वळण लावण्यास त्यांचा उपयोग आहे. परंतु वितळलेल्या धातूचा स्वभाव त्या पडद्यावर कळत नाही. तेव्हा वेल्डर घडविण्याचा खर्च कोणी करावयाचा आणि त्या खर्चातून निर्माण झालेले कौशल्य कोणी वापरावयाचे, हा प्रश्न आर्थिक आहे, आणि म्हणून तो वर्गीय आहे.

सार्वजनिक क्षेत्राने घडविलेला वेल्डर

स्वातंत्र्यानंतर १९५० साली शिल्प-कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. तिच्याखाली देशभर आय.टी.आय. उभ्या राहिल्या. खासगी भांडवलाला त्या काळी लांब मुदतीच्या प्रशिक्षणात पैसा घालण्याची इच्छा नव्हती, कारण शिकविलेला कामगार उद्या दुसऱ्या मालकाकडे गेला तर गुंतवलेला पैसा बुडाला, असा त्याचा हिशेब असतो. भांडवलशाहीतील ही मूलभूत विसंगती आहे: सर्व भांडवलदारांना मिळून कुशल कामगार हवा असतो, परंतु त्याला घडविण्याचा खर्च एकट्याने करावयास कोणीही तयार नसतो. म्हणून तो खर्च समाजावर, म्हणजे सरकारी तिजोरीवर पडला.

सार्वजनिक क्षेत्राने मात्र आपल्या गरजेपोटी कौशल्य घडविले. २ ऑक्टोबर १९५५ रोजी मद्रासजवळ पेरांबूर येथे इंटिग्रल कोच फॅक्टरीचे उद्घाटन झाले. स्विस तंत्राने तेथे संपूर्ण पोलादी, वेल्ड केलेले डबे बनू लागले. रिव्हेट ठोकून डबे जोडण्याच्या जुन्या पद्धतीच्या जागी वेल्डिंग आले, आणि त्यासाठी नव्या कामगारांना हाताला धरून शिकवावे लागले. तिरुचिरापल्लीचा उच्च दाबाच्या बॉयलरांचा कारखाना १९६५ साली चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने उत्पादन करू लागला. पुढे १९७५ साली याच तिरुचिरापल्लीत भेलच्या आवारात वेल्डिंग संशोधन संस्था स्थापन झाली. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत सहकार्याने उभा राहिला आणि १९५९ साली त्याच्या पहिल्या झोतभट्टीतून लोखंड बाहेर पडले. मुंबईची माझगाव गोदी १९६० साली सरकारने ताब्यात घेतली. तेथील शिकाऊ प्रशाळेतून तयार झालेल्या कामगारांनी युद्धनौकांची कवचे सांधली आहेत.

या कारखान्यांत नोकरशाही नव्हती, पिळवणूक नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. पण एक गोष्ट तेथे होती. शिकविणे, नोकरी देणे आणि श्रेणी वाढविणे या तीन पायऱ्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. मुलगा शिकाऊ म्हणून आत शिरे, परीक्षा देई, कायम होई, आणि पुढच्या परीक्षेबरोबर त्याची वेतनश्रेणी वाढे. ही साखळी टिकविण्यात कामगार संघटनांच्या लढ्यांचा मोठा वाटा होता. आज तुटली आहे ती हीच साखळी.

एका जुन्या अनुभवाचा धडा

वेल्डिंगच्या इतिहासातील एक अध्याय कामगारांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कार्बनच्या दांडीने विजेचा आर्क पाडून धातू सांधण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात निकोलाय बेनार्दोस या रशियन संशोधकाने काढली. सोव्हिएत काळात येव्हगेनी पातोन या पूलबांधणी तज्ज्ञाने साठीच्या उंबरठ्यावर वेल्डिंगचा अभ्यास हाती घेतला आणि १९३४ साली कीव्ह येथे विद्युत वेल्डिंगची संस्था स्थापन केली. १९४१ साली हिटलरचे सैन्य चालून आल्यावर ही संस्था उरलमधील निझ्नी तागिल येथे हलविण्यात आली. टी-३४ रणगाड्यांची कवचे सांधण्यासाठी निष्णात वेल्डर पुरेसे नव्हते. तेव्हा पावडरीच्या थराखाली आपोआप चालणाऱ्या वेल्डिंग-यंत्रांचा वापर तेथे सुरू झाला, आणि रणांगणावर गेलेल्या कारागिरांच्या जागी स्त्रिया व किशोरवयीन मुले थोड्या दिवसांत ती यंत्रे चालवू लागली. युद्धानंतर १९५३ साली कीव्हमध्ये नीपर नदीवर दीड किलोमीटरहून लांब असा संपूर्ण वेल्ड केलेला पूल खुला झाला. तो पातोन यांच्याच नावाने ओळखला जातो. २५ जुलै १९८४ रोजी स्वेतलाना सावित्स्काया हिने साल्यूत-७ स्थानकाच्या बाहेर, उघड्या अंतराळात धातू सांधून दाखविला. त्याच स्थानकात त्याच वर्षी एप्रिलमध्ये राकेश शर्मा राहून आले होते. उघड्या अंतराळात वेल्डिंग करणारी पहिली व्यक्ती स्त्री होती, ही गोष्ट ‘हे बाईमाणसाचे काम नव्हे’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक फोरमनला सांगण्यासारखी आहे.

सोव्हिएत संघ १९९१ साली संपुष्टात आला. त्याच्या यशापयशाची चर्चा वेगळी आहे. येथे घ्यावयाचा धडा मर्यादित पण महत्त्वाचा आहे. यंत्र आले म्हणून कारागिराचे मोल आपोआप घटत नाही. यंत्र कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी चालविले जात आहे, यावर ते ठरते. आज मोटारींच्या कारखान्यात गाडीचा सांगाडा यंत्रमानव सांधतो. मग वेल्डर कशाला शिकवावयाचे, असे कित्येकदा विचारले जाते. परंतु जहाजाच्या पोटात, पुलाखाली, वीजकेंद्राच्या बंद पडलेल्या बॉयलरमध्ये, खंदकातल्या तेलवाहिनीवर यंत्रमानव जात नाही; तेथे माणूसच जातो. आणि जेथे यंत्रमानव आहे तेथेही सांधा चांगला की वाईट हे ओळखणारा, यंत्राचा वेग व विजेचा प्रवाह ठरविणारा माणूस लागतोच. म्हणजे शिक्षण कमी नव्हे, अधिक सखोल लागणार आहे. पहिल्या इंटरनॅशनलच्या जिनिव्हा काँग्रेससाठी १८६६ साली तयार केलेल्या सूचनांत मार्क्सने बौद्धिक आणि शारीरिक शिक्षणाच्या जोडीला तांत्रिक शिक्षणाची मागणी केली होती, आणि त्यात उत्पादनाच्या सर्वसाधारण तत्त्वांचे ज्ञान व हत्यारांचा प्रत्यक्ष वापर ही दोन्ही अंगे घातली होती. एकाच यंत्राच्या एकाच बटणापुरते शिकविलेला कामगार मालकाला स्वस्त पडतो. तत्त्व समजलेला कामगार स्वतःच्या पायावर उभा राहतो.

शिकाऊ उमेदवार की स्वस्त मजूर?

आय.टी.आय.तून बाहेर पडलेल्या मुलाची पुढची पायरी म्हणजे शिकाऊ उमेदवारी. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने ठरावीक आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन घातले. आणीबाणीतील वीस कलमी कार्यक्रमातही शिकाऊ उमेदवारीला स्थान होते. कागदावर हेतू चांगला. पण या कायद्याच्या १८व्या कलमाने शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, असे ठरवून कामगार कायद्यांचे छत्र त्याच्या डोक्यावरून काढून घेतले.

असे असूनही या कायद्यात मुलाच्या बाजूच्या काही तरतुदी आहेत, आणि त्या कित्येक कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसतात. शिकाऊ उमेदवाराला नगाप्रमाणे पैसे देता येत नाहीत, उत्पादन-बोनसच्या योजनेत त्याला ओढता येत नाही. शिकाऊ सल्लागाराच्या मंजुरीवाचून त्याच्याकडून जादा वेळ काम घेता येत नाही. कारखान्यातील आरोग्य, सुरक्षितता व कल्याण यांविषयीच्या तरतुदी त्याला लागू आहेत, आणि प्रशिक्षणात अपघात झाल्यास मालकाला नुकसानभरपाई द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात असे सांगितले की, इतर बाबी समान असतील तर भरतीच्या वेळी प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य मिळावे आणि संस्थेने अशा उमेदवारांची यादी ठेवावी.

२०१४ साली या कायद्यात दुरुस्त्या झाल्या. त्या कोणाच्या बाजूने झाल्या हे तपशिलातूनच दिसते. कायदा मोडणाऱ्या मालकाची कैदेची शिक्षा काढून टाकण्यात आली. जागा न भरल्याबद्दल पहिले तीन महिने दर जागेमागे दरमहा ५०० रुपये आणि त्यानंतर दरमहा १,००० रुपये एवढाच दंड राहिला. २०१९च्या नियमांनी ३० वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर बंधन घातले आणि एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के इतके शिकाऊ घेण्याची मुभा दिली. याच नियमांनी आय.टी.आय.च्या प्रमाणपत्रधारकाचे किमान विद्यावेतन दरमहा ७,००० रुपये ठरविले. त्यापूर्वी, २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकारने उचलण्याचे मान्य केले होते.

कॉम्रेड्स, हा हिशेब मालकाच्या वहीत कसा दिसतो ते पाहावे. शंभर माणसांच्या कारखान्यात १५ शिकाऊ. त्यांना भविष्यनिर्वाह निधी नाही, बोनस नाही, वर्षाअखेर कायम करण्याचे बंधन नाही. आणि विद्यावेतनाचा एक भाग सरकारी तिजोरीतून. ज्या दिवशी शिकाऊ मुलाचा हात बसतो, त्या दिवसापासून तो कुशल कामगाराचे काम करतो. मोबदला मात्र शिकणाऱ्याचा. मुदत संपली की तो बाहेर, आणि त्याच्या जागी नवा. शिकाऊ घेणे हे काही ठिकाणी शिक्षणाचे साधन राहिलेले नाही; कायम जागा न भरण्याचे ते साधन झाले आहे.

यात आणखी एक भर पडली. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येत शिकाऊचा उल्लेख स्पष्ट होता. १८व्या कलमाने तो बराचसा निष्प्रभ केला असला तरी ‘नाव शिकाऊचे आणि काम कायम कामगाराचे’ अशा प्रकरणांत संघटनेला त्या शब्दाचा आधार घेता येत असे. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेने आपल्या व्याख्येतून शिकाऊ कायद्याखालील उमेदवाराला स्पष्ट शब्दांत वगळले, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. एका कंसातील दोन शब्दांचा हा फेरफार आहे. परंतु लाखो तरुण त्या कंसातून बाहेर पडले आहेत.

आय.टी.आय.चे व्यवस्थापन

आता शिक्षणसंस्थांकडे वळू. देशात आज १४ हजारांहून अधिक आय.टी.आय. आहेत आणि त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश खासगी आहेत. संख्या वाढली हे खरे. पण वेल्डिंगच्या वर्गाची खरी कसोटी तेथे वर्षभरात किती किलो रॉड जळले, ही आहे. दोन यंत्रे, एक कोरी वही आणि परीक्षेच्या आठवड्यात आणलेली प्लेट एवढ्यावर चालणाऱ्या संस्थेतून मुलाला कागद मिळतो, हात मिळत नाही. सरकारी संस्थांतही निदेशकांच्या जागा रिकाम्या ठेवणे, तासिका तत्त्वावर माणसे नेमणे, कच्च्या मालाचे अनुदान तुटपुंजे ठेवणे या मार्गांनी तेच घडविले जाते. मग सरकारच म्हणते, सरकारी संस्था निकामी झाल्या, त्या उद्योगांच्या हवाली करा.

हे हवाली करणे २००७-०८ पासून सुरू आहे. त्या वर्षी १,३९६ सरकारी आय.टी.आय. सार्वजनिक-खासगी भागीदारीत आणण्याची योजना निघाली. प्रत्येक संस्थेच्या व्यवस्थापन समितीला अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज सरकारने दिले. समितीचे अध्यक्षपद मात्र उद्योग-भागीदाराकडे गेले, आणि वीस टक्क्यांपर्यंत प्रवेश ठरविण्याचा अधिकारही त्या समितीला मिळाला. पैसा जनतेचा, इमारत जनतेची, निदेशक सरकारी, खुर्ची उद्योगपतीची. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,००० सरकारी आय.टी.आय.च्या सुधारणेसाठी ६०,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. यातील ३०,००० कोटी केंद्राचे, २०,००० कोटी राज्यांचे आणि १०,००० कोटी उद्योगांचे धरले आहेत. सहा रुपयांतील पाच रुपये जनतेचे असताना व्यवस्थापनाचे सुकाणू उद्योगांच्या पुढाकाराखालील यंत्रणेकडे देण्याचे ठरले आहे.

नवी यंत्रे यावीत, जुने अभ्यासक्रम बदलावेत याला कामगारवर्गाचा विरोध असण्याचे कारण नाही. उलट तीच त्याची मागणी आहे. विरोध आहे तो अभ्यासक्रमाची लांबीरुंदी एका कारखान्याच्या आजच्या गरजेने मोजण्याला. मालकाला तीन महिन्यांत एकाच प्रकारचा सांधा मारणारा माणूस हवा असतो. समाजाला धातू ओळखणारा, नकाशा वाचणारा, चार पद्धतींनी सांधणारा आणि स्वतःच्या कामातील दोष ओळखणारा वेल्डर हवा असतो. पहिल्याला कारखाना बंद पडताच दुसरीकडे विचारत नाहीत. दुसरा कोठेही उभा राहतो. अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांचा जो सुकाळ २०१५ नंतर झाला त्यातील कळीचा मुद्दा हाच आहे. त्याच काळात ‘पूर्वज्ञानाची मान्यता’ म्हणून आधीच काम येत असलेल्या कारागिरांना थोड्या दिवसांच्या ओळख-वर्गानंतर प्रमाणपत्रे देण्यात आली. जुन्या कारागिराला कागद मिळणे वाईट नव्हे. पण त्या कागदाबरोबर रोज वाढत नसेल तर त्याने सरकारी आकडा वाढला, कारागिराची चूल नव्हे.

संस्थेच्या भिंतीबाहेरचा वेल्डर

या देशातील कितीतरी वेल्डरांनी आय.टी.आय.चे दार पाहिलेलेच नाही. ग्रिल आणि गेट बनविणाऱ्या नाक्यावरच्या दुकानात पोरगा म्हणून लागायचे, आधी झाडलोट, मग ग्राइंडर, मग टाका मारणे आणि चार-पाच वर्षांनी होल्डर हातात, असा त्यांचा शिक्षणक्रम. मुंबईच्या दारूखान्यात किंवा १९८३ पासून जहाजे फोडण्याचे केंद्र बनलेल्या गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडमधून आलेले गॅस-कटर अशाच रीतीने शिकले. त्यांची विद्या खरी आहे. परंतु तिच्यात एक जीवघेणी उणीव असते. धोका काय आहे, हे त्यांना कोणीही शिकविलेले नसते.

आर्कच्या अतिनील किरणांनी डोळे सुजतात, रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात, आणि बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून माणूस सकाळी पुन्हा कामावर जातो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा सांधताना निघालेल्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. तो ‘धातूचा ताप’ होय. मँगेनीजचा धूर वर्षानुवर्षे छातीत गेला तर हातापायांच्या हालचालींवर परिणाम होतो. स्टेनलेस पोलादाच्या धुरात क्रोमियमचे विषारी रूप असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर हा माणसाला कर्करोग करणारा पदार्थ म्हणून निश्चितपणे पहिल्या गटात टाकला. बंद टाकीत काम करताना हवेची सोय नसेल तर गुदमरून मृत्यू येतो. तेलाची टाकी नीट धुऊन वायुमुक्त न करता ज्योत लावली तर स्फोट होतो.

या प्रत्येक धोक्यावर उपाय माहीत आहेत. धूर नाकापाशी येण्यापूर्वीच ओढून घेणारा पंखा, योग्य क्रमांकाची काच, चामडी हातमोजे, टाकीत शिरण्याआधी वायूची तपासणी आणि तोंडाशी पहारा देणारा सहकारी. त्यांचा खर्च सांध्याच्या किमतीत फारसा दिसतही नाही. तरीही कंत्राटदार तो वाचवितो, कारण धूर कामगाराच्या फुप्फुसात जातो, कंत्राटदाराच्या हिशेबात नाही. म्हणून सुरक्षिततेचे शिक्षण हा प्रशिक्षणाचा शेवटचा धडा नसून पहिला धडा असला पाहिजे. आणि धोक्याचे काम नाकारण्याचा अधिकार हा त्या धड्याचाच भाग असला पाहिजे.

कामगार चळवळीपुढील कार्य

धंदेशिक्षण हा शिक्षणखात्याचा विषय, संघटनेचा नव्हे, अशी समजूत कामगार चळवळीत बरीच वर्षे राहिली. कायम कामगारांच्या करारात वेतनाची बोलणी होत. त्याच शेडमध्ये त्याच आर्कसमोर बसलेला शिकाऊ मुलगा आणि कंत्राटी वेल्डर मात्र कराराबाहेर राहत. मालकाने या फटीचा पुरेपूर उपयोग केला. कायम वेल्डर निवृत्त होत गेले, त्यांच्या जागी शिकाऊ व कंत्राटी आले, आणि एक दिवस संघटनेच्या लक्षात आले की करार करण्यासाठी कायम कामगारच उरलेले नाहीत. शिकाऊ मुलाच्या हक्काचा प्रश्न हा म्हणूनच दयेचा नाही. तो कायम कामगाराच्या स्वतःच्या अस्तित्वाचा प्रश्न आहे.

या दृष्टीने पुढील मागण्या घेऊन काम उभे केले पाहिजे.

(१) सरकारी आय.टी.आय. सरकारीच राहिल्या पाहिजेत. निदेशकांच्या सर्व जागा कायम स्वरूपात भराव्यात. वेल्डिंगच्या प्रत्येक प्रशिक्षणार्थीमागे रॉड, प्लेट व गॅस यांचा ठरावीक कोटा असावा आणि तो खर्च झाल्याची नोंद सूचनाफलकावर लावावी.

(२) व्यवस्थापन समित्यांवर उद्योगपतींच्या बरोबरीने कामगार संघटनांचे व प्रशिक्षणार्थींचे प्रतिनिधी असावेत. जेथे पैसा जनतेचा तेथे निर्णयही जनतेचा.

(३) शिकाऊ उमेदवाराला किमान वेतनाशी निगडित विद्यावेतन, अपघात व आजाराचे पूर्ण संरक्षण आणि संघटनेचा सभासद होण्याचा निर्विवाद हक्क मिळावा. औद्योगिक संबंध संहितेतील वगळणारे शब्द रद्द व्हावेत.

(४) शिकाऊ उमेदवारांची ज्येष्ठता यादी प्रत्येक आस्थापनाने ठेवावी, आणि ती संपेपर्यंत त्या व्यवसायात कंत्राटी भरती करू नये.

(५) अनुभवी वेल्डरांना परीक्षेचे खरे केंद्र, परीक्षेच्या दिवसाचा रोज आणि उत्तीर्ण झाल्यास वरची वेतनश्रेणी मिळावी.

(६) आय.टी.आय.त मुलींसाठी राखलेल्या ३० टक्के जागा या व्यवसायात प्रत्यक्ष भरल्या जाव्यात. त्यासाठी वसतिगृह, कपडे बदलण्याची खोली आणि मापाची संरक्षक साधने द्यावीत.

या मागण्या निवेदनात लिहून कार्यालयात देण्याने काम संपत नाही. प्रत्येक शहर समितीने आपल्या भागातील एका आय.टी.आय.शी प्रत्यक्ष संबंध जोडावा. तेथे किती यंत्रे चालू आहेत, किती निदेशक आहेत, गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेली मुले आज कोठे आहेत, याची पाहणी करावी. निवृत्त झालेले वेल्डर हे या कामी चळवळीचे मोठे धन आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांनी युनियनच्या कचेरीत शिकाऊ मुलांना द्यावी. सांध्यातला दोष कसा ओळखावा हे त्यांनी सांगावे, आणि जादा वेळेचे काम बेकायदा असते तेव्हा अर्ज कोणाकडे करावा हेही सांगावे. कंत्राटी वेल्डर ज्या राज्यातून आले त्या राज्याच्या भाषेत पत्रके निघावीत. मराठी कार्यकर्ता सुरतेत किंवा हैदराबादेत परभाषिक कामगार असतो. पिंपरीत आणि दारूखान्यात तीच जागा ओडिया आणि भोजपुरी कामगाराची आहे, हे त्याने विसरू नये.

कॉम्रेड्स, ‘कौशल्याचा तुटवडा’ ही मालकांची तक्रार आता नीट वाचता येईल. तुटवडा आहे तो स्वस्त, आज्ञाधारक आणि मुदत संपताच निघून जाणाऱ्या कौशल्याचा. असे कौशल्य पुरविण्याची जबाबदारी सरकारने घेतली आहे. कामगारवर्गाची मागणी वेगळी आहे. मुलाला पूर्ण विद्या मिळावी, ती विद्या वापरण्यासाठी कायम काम मिळावे आणि त्या कामात त्याचे डोळे व फुप्फुसे शाबूत राहावीत. शिक्षण, काम आणि हक्क हे तीन तुकडे भांडवलशाहीने वेगळे केले आहेत. ते पुन्हा एकत्र सांधणे हे संघटित कामगारांचे काम आहे. शिकाऊ मुलांना युनियनच्या सभासद-नोंदवहीत घेण्यापासून ते सुरू होते, आणि ते पुढच्या कामगार परिषदेची वाट न पाहता सुरू झाले पाहिजे.